रफ टेरेन फोर्कलिफ्ट खडबडीत जागेवर वळवायचं कसं: स्टिअरिंग मोडपासून फ्रेम लेव्हलिंगपर्यंत

रफ टेरेन फोर्कलिफ्ट विकत घेताना किंवा भाड्याने आणताना सगळे जण दोनच गोष्टी विचारतात, किती टन उचलतं आणि किती उंच जातं. वळतं कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि मग साइटवर सगळा वेळ जातो तो तिथेच, पुढे घे मागे घे, परत पुढे घे, तोवर चिखलात चाकोऱ्या एवढ्या खोल झालेल्या असतात की दुसरी फेरीच मारता येत नाही. म्हणून हा लेख फक्त मशीन वळवणं, सरकवणं आणि नेमक्या जागी आणणं यावर आहे, क्षमतेबद्दल लागेल तेवढंच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण खालचं सगळं त्यावरच उभं आहे. लोड खाली असेल तोवर मशीन हवं तसं फिरवा, लोड वर गेला की चाकं थांबली पाहिजेत. स्टिअरिंगचे मोड, फ्रेम लेव्हलिंग (मशीनचा सांगाडा कलवून सरळ करणं), डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणं) या बहुतेक सोयी लोड खाली असतानाच वापरायच्या म्हणून दिलेल्या आहेत. ज्याला बटणं पाठ आहेत पण कुठलं बटण कधी दाबायचं नाही हे माहीत नाही, तो ऑपरेटर धोक्याचा.

आधी आपलं मशीन कुठल्या जातीचं ते बघा

ढोबळमानाने दोन प्रकार. एक उभ्या मास्टचं (मास्ट म्हणजे लोड वर नेणारा उभा खांब), म्हणजे साध्या फोर्कलिफ्टसारखंच पण मोठे टायर आणि जास्त ग्राउंड क्लिअरन्स असलेलं. दुसरं टेलिहँडलर, ज्यात बूम, म्हणजे लोड उचलणारा हात, पुढे लांब होतो.

मास्टवाल्या मशीनची ठेवण लक्षात येण्यासाठी त्याचा उगम माहीत असलेला बरा. फ्रान्समध्ये मॅनिटू कंपनीच्या मार्सेल ब्रो यांनी 1958 मध्ये ट्रॅक्टर घेऊन त्याची दिशाच उलटी केली, मोठ्या ड्राइव्हच्या चाकांकडे मास्ट बसवला आणि ड्रायव्हरला तिकडे तोंड करून बसवलं. म्हणजे ट्रॅक्टरची पुढची वळणारी चाकं झाली मागची. आजही बऱ्याच मास्टवाल्या मशीनचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं ते याच ठेवणीमुळे. टेलिहँडलरमध्ये मात्र दोन चाकांच्या मोडमध्ये बहुतेक वेळा पुढची चाकं वळतात, आणि सोबत चारही चाकं वळवायची सोय असते.

हा फरक कागदावर छोटा वाटतो पण हातात फार मोठा आहे. मागची चाकं वळत असतील तर डावीकडे वळताना मशीनचं बूड उजवीकडे झेपावतं, भिंतीला खेटून उभे असाल आणि एकदम स्टिअरिंग ओढलंत तर मागचा कोपरा सरळ भिंतीत जातो. पुढची चाकं वळत असतील तर उलट होतं, आतल्या बाजूचं मागचं चाक कोपरा कापून जातं, तिथे ठेवलेला पाइप किंवा खुंटी त्याच्याखाली येते. म्हणून मागच्या स्टिअरिंगच्या मशीनवर वळणाच्या आतल्या बाजूला जवळ राहा आणि पुढची चाकं कोपऱ्यापाशी आल्यावर वळा, पुढच्या स्टिअरिंगच्या मशीनवर बाहेरून मोठा घेर घ्या. एका मशीनवरून दुसऱ्यावर बसलात की पहिल्या दहा मिनिटांत हाताला जुनी सवय आडवी येते, तेव्हा रिकाम्या जागेत दोनचार वळणं घेऊन मगच कामाला लागा.

अजून एक, मास्टवाल्या मशीनवर पूर्ण लोड असला की मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) हलका होतो. ओल्या मातीवर अशा वेळी स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं घसरत सरळच जातात. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की ते छान चाललंय असं समजू नका, लोड जास्त आहे किंवा जमीन निसरडी आहे असा त्याचा अर्थ घ्या.

पायरी 1: जागा चालून बघा, मापं घ्या

मशीन सुरू करायच्या आधी पूर्ण वाट पायी चालायची, हे टाळू नका. खड्डे, मऊ जागा, नुकतीच भर टाकून बुजवलेले चर, डोक्यावरच्या वायरी, अरुंद वळणं, सगळं बघायचं. बुजवलेल्या चराची माती वरून घट्ट दिसते आणि चाक गेलं की खचते, तिथे टाच मारून बघा.

उतार डोळ्याने मोजू नका, डोळा फसवतो. 2 मीटरची सरळ पट्टी आणि लेव्हल बॉटल घ्या, पट्टी लेव्हलमध्ये धरा आणि खालच्या टोकाखाली किती फट राहते ते मोजा. 2 मीटरला 6 सेंटीमीटर म्हणजे 3 टक्के, 20 सेंटीमीटर म्हणजे 10 टक्के. टक्के आणि अंश यांची गल्लत खूप होते, 10 टक्के उतार म्हणजे साधारण 5.7 अंश, 10 अंश नव्हे. मशीनच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा कशात दिलीये ते नीट वाचा.

मग वळणाचं माप. ब्रोशरमध्ये टर्निंग रेडियस दिलेला असतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या टायरपर्यंतचा असतो. साधारण मध्यम टेलिहँडलर चारही चाकं वळवून 4 मीटरच्या आसपासच्या रेडियसमध्ये फिरतो, ऐकायला मस्त, पण त्यात पुढे आलेले फोर्क (लोड उचलणाऱ्या दोन पात्या) आणि त्यावरचा लांब लोड धरलेला नसतो. खरं माप स्वतः काढा. कडक सपाट जागेवर रिकामं मशीन पूर्ण लॉकला, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, फिरवा, एका माणसाला सुरक्षित अंतरावरून फोर्कचं टोक कुठून कुठून जातं ते बघायला सांगा, मशीन थांबल्यावर खडूने खुणा करून मोजा. त्यात लोडची लांबी, रुंदी मिळवा आणि वर मोकळीक ठेवा. सहा मीटरचे पाइप आडवे उचलणार असाल तर वळणाचं गणित मशीनचं राहतच नाही, ते पाइपांचं होतं.

पायरी 2: टायर

टायरकडे कुणी बघत नाही आणि सगळा समतोल त्यावरच असतो. समजा दोन्ही बाजूच्या चाकांमध्ये 2 मीटर अंतर आहे आणि एका बाजूचे टायर हवा कमी असल्यामुळे 2 सेंटीमीटर दबलेत. खाली हा फरक दिसतसुद्धा नाही. पण बूम 8 मीटर वर गेला की लोड 8 सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो, आणि वर गेल्यावर तुम्हाला वाटतं जमीनच वाकडी आहे. रोज सकाळी टायर थंड असताना हवा गेजने तपासा, लाथ मारून नाही.

हवेचे टायर मऊ जमिनीवर चांगले चालतात आणि धक्के कमी देतात. फोम भरलेले टायर पंक्चरची कटकट घालवतात पण वजन वाढतं. मुख्य म्हणजे त्या वजनाने समतोल बदलतो, त्यामुळे फोमवाला टायर काढून तिथे हवेचा बसवायचा असेल तर उत्पादकाला विचारल्याशिवाय नको. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या प्रकारचा तर अजिबात नको.

पायरी 3: स्टिअरिंगचे तीन मोड, आणि कुठला कधी

दोन चाकं: लांब पल्ल्याला आणि वेगात जाताना हाच. रस्त्यावर जायचं असेल तरी हाच. चारही चाकं वळत असताना वेग वाढवला तर स्टिअरिंगच्या जराशा हालचालीने मशीन झपकन वळतं, आणि एवढं उंच मशीन झपकन वळणं म्हणजे काय ते सांगायला नको.

चार चाकं, म्हणजे पुढची एका दिशेला आणि मागची उलट दिशेला: अरुंद जागेतलं हे खरं हत्यार. वळण लहान होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण माझ्या मते याचा मोठा फायदा दुसराच आहे, मागची चाकं पुढच्या चाकांच्या चाकोरीतूनच जातात. चिखलात हे सोनं आहे, कारण चारऐवजी दोनच चाकोऱ्या पडतात, मागच्या चाकांना नवीन माती दाबावी लागत नाही, मशीन कमी ताकदीत पुढे जातं आणि तुम्हाला अडथळा एकदाच चुकवावा लागतो, पुढचं चाक दगडाच्या बाजूने गेलं की मागचंही जवळपास तिथूनच जातं. पण बूडही झेपावतं हे विसरू नका.

क्रॅब, म्हणजे चारही चाकं एकाच दिशेला: मशीनचं तोंड तिथेच राहतं आणि ते तिरकं सरकतं. भिंतीशी समांतर उभे आहात, फोर्कची दिशा बरोबर आहे पण पॅलेट हातभर डावीकडे आहे, अशा वेळी साध्या स्टिअरिंगने मागे जाऊन परत येण्यात तोंड वाकडं होतं आणि ते सरळ करण्यात अजून दोन फेऱ्या. क्रॅबमध्ये थोडं मागे घ्या, चाकं डावीकडे करून हळू पुढे या, काम झालं. मात्र लोकांना क्रॅबची इतकी मजा वाटते की ते सगळीकडे वापरतात. मऊ जमिनीवर क्रॅबमध्ये चारही चाकं स्वतंत्र चाकोऱ्या पाडतात, मशीन लवकर रुततं. आणि तिरकं जाताना तुम्ही बघत असता समोर आणि मशीन जात असतं बाजूला, त्यातून टेलिहँडलरमध्ये बूमच्या पलीकडची बाजू नीट दिसत नाही, म्हणून त्या बाजूला क्रॅब करायचं तर सिग्नल देणारा माणूस पाहिजेच, आरसा पुरत नाही.

मोड बदलताना चाकं सरळ पाहिजेत, हा नियम पक्का. तिरक्या चाकांवर मोड बदललात तर मागची चाकं तिरकीच अडकून राहतात आणि मशीन खेकड्यासारखं चालायला लागतं, तेही तुम्ही दोन चाकांच्या मोडमध्ये असताना. काही मशीनमध्ये सेन्सर असतो, चाकं मधे आल्याशिवाय मोड बदलतच नाही, पण सगळ्यांमध्ये नसतो.

चाकं जुळवायची कशी, तर असं. मोकळ्या सपाट जागेवर या, लोड नको, बूम खाली. चार चाकांचा मोड ठेवा आणि अगदी हळू चालवत स्टिअरिंग फिरवून मागची चाकं सरळ करा, पुढची कशीही असू देत, लक्ष मागच्यांवर. मागची सरळ झाली की थांबा, दोन चाकांचा मोड टाका. आता हळू पुढे जात पुढची चाकं सरळ करा. मग परत चार चाकांच्या मोडमध्ये जाऊन दोन्ही लॉकपर्यंत फिरवून बघा, दोन्ही ॲक्सल सारखेच वळतायत का. स्टिअरिंगच्या सिलिंडरमधून तेल आतल्या आत थोडं थोडं सरकतं त्यामुळे काम करता करता पुढची मागची चाकं हळूहळू बेताल होतात, म्हणून हे रोज काम सुरू करताना एकदा आणि दिवसभरात शंका आली की लगेच करायचं. सारखं सारखं करावं लागत असेल तर सिलिंडरचे सील मेकॅनिककडून बघून घ्या.

पायरी 4: फोर व्हील ड्राइव्ह आणि डिफ लॉक

स्टिअरिंग आणि ड्राइव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नवीन माणूस इथे गोंधळतो. चार चाकं वळतात म्हणजे चारही ओढतातच असं नाही.

फोर व्हील ड्राइव्ह चालूबंद करता येत असेल तर ते मऊ किंवा निसरड्या जागेत शिरायच्या आधी लावा, रुतल्यावर नाही. डिफरन्शियल लॉकने एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, एक चाक हवेत फिरत बसलं तरी दुसरं ओढतं. पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, लॉक लावलेला असेल तर मशीन वळायला नकार देतं, सरळ रेटत जातं आणि कडक जमिनीवर ॲक्सलवर भयंकर ताण येतो. तेव्हा लॉक फक्त सरळ जाताना, चाकं थांबलेली किंवा अगदी हळू असताना लावायचा, बाहेर पडलात की काढायचा. चाक गरगर फिरत असताना लॉक मारणं म्हणजे ॲक्सल तोडायला बसणं.

पायरी 5: वळताना वेग

इथे एकच गणित करून बघा. 6 मीटर रेडियसचं वळण 10 किलोमीटर वेगाने घेतलं तर बाजूला ओढणारा जोर मशीनच्या वजनाच्या साधारण 13 टक्के येतो. तेच वळण 20 च्या वेगाने घेतलं तर 52 टक्के. वेग दुप्पट, जोर चौपट. आणि मागचा ॲक्सल मधे पिनवर झुलणारा असतो त्यामुळे मशीन खरं तर तीन बिंदूंवर उभं असतं, पुढची दोन चाकं आणि मागच्या ॲक्सलची मधली पिन. हा त्रिकोण मागे निमुळता होत जातो. रिकाम्या मशीनचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं, म्हणजे निमुळत्या भागात, त्यामुळे रिकामं मशीन वळणावर पलटी होत नाही ही समजूत साफ चुकीची आहे, उलट रिकामं असताना लोक बिनधास्त पळवतात आणि तेव्हाच बाजूला पडतात.

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या) मशीनमध्ये पेडलवरून पाय काढला की मशीन स्वतःहूनच आवरतं, टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या) मशीनमध्ये तेवढं आवरत नाही, ब्रेक लागतो. दोन्हींची सवय वेगवेगळी करावी लागते.

पायरी 6: चढ, उतार आणि आडवा उतार

लोड घेऊन असाल तर लोड चढाच्या बाजूला. म्हणजे चढताना तोंड वर, उतरताना रिव्हर्समध्ये खाली. अमेरिकेच्या ओशाच्या (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) फोर्कलिफ्ट नियमांत 10 टक्क्यांच्या वरच्या उतारासाठी हे लिहूनच ठेवलंय. खडबडीत जागेत मी म्हणेन त्याहून कमी उतारावरही हेच पाळा. न्यूट्रलमध्ये उतरायचं नाही, खालचा गिअर ठेवायचा. उतारावर वळायचं नाही, आडवं जायचं नाही, वळायचं असेल तर वर किंवा खाली सपाटीवर.

लोड किती वर धरून चालायचं? जमिनीवरचे उंचवटे चुकतील एवढाच, त्याहून बोटभरही जास्त नको. मास्ट किंवा कॅरेज (फोर्क बसवलेली चौकट) मागे कललेलं, बूम पूर्ण आत. लोड एवढा मोठा की समोरचं दिसत नाही, तर सपाटीवर रिव्हर्समध्ये जा. चढावर मात्र लोड पुढेच लागतो, तिथे न दिसणाऱ्या लोडला सिग्नल देणारा माणूस हाच उपाय.

पायरी 7: फ्रेम लेव्हलिंग आणि मागच्या ॲक्सलचा लॉक

ही सोय बऱ्याच टेलिहँडलरमध्ये असते आणि सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दलच. एक सिलिंडर पुढच्या ॲक्सलच्या तुलनेत पूर्ण फ्रेम डावीउजवीकडे कलवतो, बऱ्याच मशीनमध्ये दोन्हीकडे साधारण 10 अंशांपर्यंत. त्याने आडव्या उतारावरही बूम उभ्या रेषेत वर जातो. केबिनमध्ये बुडबुड्याची लेव्हल असते, तिच्यावर बघत करायचं.

हे का लागतं ते बघा. मशीन फक्त 3 अंश बाजूला कललंय आणि लोड 6 मीटर वर नेलात तर तो 31 सेंटीमीटर बाजूला जातो. 5 अंश असेल तर 52 सेंटीमीटर. खाली बसलेल्याला कललेलं जाणवतसुद्धा नाही.

क्रम असा ठेवा. जागेवर या, लोड खालीच. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रल. बुडबुडा बघा, फ्रेम हळूहळू कलवून तो मधे आणा. मगच बूम वर. लोड वर असताना फ्रेमच्या लिव्हरला हात लावायचा नाही, वर गेल्यावर वाकडं दिसलं तर बूम आत घ्या, खाली आणा, लेव्हल करा, परत वर न्या. वेळ लागतो, लागू द्या. उंच गेलेला लोड घेऊन फ्रेम सरळ करायला जाणं म्हणजे आपणहून तो झोकात सोडणं आहे. फ्रेम पूर्ण कलवूनही बुडबुडा मधे येत नसेल तर त्या जागेवर काम होणार नाही, जागा बदला किंवा जमीन सपाट करून घ्या.

मागचा ॲक्सल झुलतो म्हणून चारही चाकं जमिनीला टेकून राहतात, चालताना ते चांगलं. पण बूम वर असताना तोच झुलणारा ॲक्सल आधार कमी करतो, म्हणून काही मशीनमध्ये बूम ठरावीक कोनाच्या वर गेला, किंवा हँडब्रेक लावला की मागचा ॲक्सल आपोआप लॉक होतो आणि त्रिकोणाचा जवळपास चौकोन होतो. तुमच्या मशीनमध्ये तो नेमका कधी लॉक होतो हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, आणि तो बरोबर चालतो का याची चाचणी मॅन्युअलमध्ये दिली असेल तशीच करा. पुढचे स्टॅबिलायझर (जमिनीवर टेकवायचे आधाराचे पाय) असतील तर तेही बूम वर न्यायच्या आधीच टेकवायचे, आणि टेकवल्यावर मशीन हलवायचा प्रश्नच येत नाही.

पायरी 8: शेवटचे काही सेंटीमीटर

मशीन जागेवर आलं, लेव्हल झालं, लोड वर गेला, आणि आता तो अजून थोडा डावीकडे पाहिजे. इथे चाकं हलवायचा मोह होतो. नाही. साइड शिफ्ट (फोर्क डावीउजवीकडे सरकवायची सोय) असेल तर तो वापरा, पण लोड बाजूला सरकला की समतोलही सरकतो आणि क्षमता कमी होते, लोड चार्टमध्ये (कुठल्या स्थितीत किती वजन चालतं त्याचा तक्ता) ते बघा. काही टेलिहँडलरमध्ये बूम किंचित डावीउजवीकडे फिरवायची सोय असते. यातलं काहीच नसेल तर लोड खाली, आणि मशीन नव्याने लावा.

पुढेमागे बारीक सरकताना, म्हणजे खालच्या पॅलेटमध्ये फोर्क घालताना, इंचिंग पेडल हवं. त्याने इंजिनचा वेग वर ठेवून हायड्रॉलिक्सला ताकद मिळते आणि चाकं मात्र गोगलगाईच्या वेगाने सरकतात. टेलिहँडलरमध्ये बूम खाली करताना लोड पुढे जातो हे लक्षात असू द्या, आधी आत घ्या मग खाली करा, उलटं केलंत तर लोड क्षमतेच्या बाहेर जाऊन मशीन नाकावर पडतं.

आर्टिक्युलेटेड मशीन, म्हणजे मधून मोडणारं, असेल तर एवढंच लक्षात ठेवा की मशीन मोडल्यावर वजनाचा मध्य बाजूला जातो, सरळ असतानाची क्षमता आणि पूर्ण मोडलेलं असतानाची क्षमता वेगळी असते.

काम संपल्यावर मशीन सपाट जागेवर, चाकं सरळ, फोर्क जमिनीला टेकलेले, न्यूट्रल, हँडब्रेक. स्टिअरिंग दोन चाकांच्या मोडवर आणून ठेवा, कारण सकाळी जो बसेल त्याने मोड बघितला नाही तरी मशीन त्याला माहीत असलेल्या पद्धतीने वळेल. आणि दिवसभरात चाकं किती वेळा जुळवावी लागली, डिफ लॉक सुटायला वेळ लागतो का, बुडबुड्याची काच फुटलीये का, हे त्याला तोंडी सांगा आणि वहीत पण लिहा.